छावणीतला 'गृहस्थाश्रम' : एका मुद्रितचित्रमालेचे वाचन

पाश्चात्त्य लोकप्रिय मुद्रितचित्रांनी पौर्वात्य दैनंदिन जीवन कसे रंगविले, या प्रश्नाची चर्चा बहुधा जपानच्या निमित्ताने होते. पेरीच्या 1853-54च्या मोहिमेबरोबर गेलेल्या विल्हेल्म हाइनेची शिलामुद्रिते हा त्याचा परिचित दाखला. मराठ्यांच्या वाट्याला ही नजर चार दशके आधीच आली होती. 1809 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत ब्रिटिश रेसिडेंटच्या रक्षकदलाचे प्रमुख असलेल्या टी. डी. ब्राउटन यांचे 'लेटर्स रिटन इन अ मराठा कॅम्प' हे पुस्तक 1813 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. मराठ्यांचा स्वभाव, रीतिरिवाज, घरगुती सवयी व धर्मविधी यांचे वर्णन हा त्याचा विषय शीर्षकपृष्ठावरच सांगितलेला आहे. सोबत दहा रंगीत चित्रे आहेत.

येथे पहिली अडचण 'घरगुती' या शब्दाचीच आहे. राजपुतान्यात फिरणारी, नाना जातिभाषांची फौज म्हणजे देशावरचे घर नव्हे. चालत्या बाजारावरून येथे एका समाजाचा गृहस्थाश्रम सिद्ध केला जातो.

दुसरी गोष्ट कर्तृत्वाची. मूळ रेखाटने 'देशी चित्रकारा'ची असल्याचे शीर्षकपृष्ठ सांगते, नाव मात्र देत नाही. हात देशी, निवड परकी. त्यामुळे सैद यांनी 1978 मध्ये मांडलेल्या प्राच्यवादाच्या चौकटीत ही संहिता सरळ बसत नाही. शिवाय पत्राला तारीख व मुक्काम असतो. पुस्तकातून सुटलेल्या चित्राला तो उरत नाही. एका दिवसाचे दृश्य तेथे जातीचा कायमचा नमुना होते.

या निरीक्षणामागे सत्तासंबंध आहेत. डिसेंबर 1803 मध्ये देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गमावला. त्याच महिन्यात सुर्जी-अंजनगावला शिंदेही नमले. पराभूताच्या छावणीत बसून त्याचे जेवणखाण न्याहाळण्याची सोय या तहांनी करून दिली. तरीही ब्राउटन यांना केवळ जेत्याचा डोळा होता असे म्हणता येत नाही. शिपायांच्या तोंडून ऐकलेल्या हिंदी कवितांचा त्यांचा अनुवादित संग्रह 1814 साली निघाला. तेथे माणसे बोलतात. चित्रांत ती केवळ दिसतात.

पुण्याच्या चित्रशाळेने 1878 पासून देवादिकांच्या व नाना फडणविसांसारख्या पुरुषांच्या चित्रांना प्राधान्य दिले. आपल्या स्वयंपाकघरापेक्षा आपला इतिहास भिंतीवर लावावासा वाटणे, हे त्या जुन्या नजरेला दिलेले उत्तर होते काय, याचा विचार व्हावयास हवा. तोवर ब्राउटनच्या चित्रांचा आधार पेहरावासाठी घ्यावा. 'मराठी जीवना'साठी घेताना छावणी विसरू नये.