डेम्लो संख्या आणि देवळालीचे गणिताध्यापक

चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या सांगाड्यावर 17 अक्षरांची व अंकांची एक मालिका कोरलेली असते. ती कारखान्याच्या दप्तरी, परिवहन खात्याच्या नोंदीत आणि विम्याच्या कागदावर जशीच्या तशी उतरते, आणि वाहनाची ओळख पटविणे एवढेच तिचे कार्य असल्यामुळे तिच्या अंगच्या गुणांचा विचार करण्याचे कोणास प्रयोजन पडत नाही. संख्येला स्वतःचे कुळ, शील व नाती असतात असे मानून तिची आयुष्यभर वर्गवारी लावणारे एक गृहस्थ मात्र याच महाराष्ट्रात होऊन गेले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 1905 साली डहाणूस झाला. ठाण्यास शालेय शिक्षण आटोपून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले, 1927 मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिकाचे मानकरी ठरले आणि 1930 पासून 1962 पर्यंत देवळालीस शाळेत शिकवीत राहिले. जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीस, त्यांना एका नव्या संख्यावर्गाची कल्पना स्फुरली, त्यावरूनच त्यांनी तिला डेम्लो संख्या हे नाव दिले.

या वर्गातील सर्वांत देखणी संख्या म्हणजे नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या 111111111 चा वर्ग: 12345678987654321. हिचेही अंक 17 च. ती उजवीकडून वाचली काय, डावीकडून वाचली काय, एकच. अंकांची बेरीज 81, आणि 111111111 ला 9 ने भाग जात असल्यामुळे तिच्या वर्गाला 81 ने निःशेष भाग जातो. म्हणून कापरेकरांच्याच दुसऱ्या वर्गवारीनुसार ती हर्षद संख्याही ठरते. तिचे मूळ अवयव तीनच, 3, 37 आणि 333667, परंतु विभाजक 45. आणि 45 चा वर्ग 2025 असून 20 व 25 मिळून पुन्हा 45 होतात, हे तर आज कापरेकर संख्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळाचे लक्षण!

हे सारे दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून आहे, सबब त्यात सखोल गणित नाही, असा आक्षेप काही पंडितांनी घेतला. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु पदव्युत्तर शिक्षण नसताना व विद्यापीठाचा आश्रय नसताना एका शिक्षकाने नोकरी सांभाळून हे शोध लावावेत, आणि 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात त्यांचा परिचय करून द्यावा, ही योग्यता मला थोर वाटते.

त्यांचा 6174 हा स्थिरांक तर सर्वश्रुत आहे. उदाहरणादाखल फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा संग्रामदुर्ग लढविला तो सन 1660 घेऊ. त्याचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास 6444, 1998, 8082, 8532 आणि पाचव्या खेपेस 6174 येते. चिंचवड-चाकणच्या शिक्षकांनी ही वजाबाकी मुलांकडून अवश्य करून घ्यावी.