मुलाला कोणत्या शाळेंत घालावें ?

जून महिना उजाडला कीं शाळेच्या कचेरीच्या दारांत आईबाप येऊन उभे राहत. मुलाचें बोट धरलेलें, हातांत जन्माचा दाखला, आणि चेहऱ्यावर एकच शंका : येथें घालतों आहोंत, तें बरें कीं वाईट ? मॅट्रिकपलीकडे माझी विद्या गेली नाहीं. परंतु शिक्षकी पेशांत छत्तीस वर्षें काढलीं, आणि ही शंका मीं फार जवळून पाहिली. शाळा काढणारांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. मुलें शाळेंत घालणारांचा क्वचितच कोणी लिहितो. आज श्रोत्यांपुढें त्याविषयींच चार शब्द बोलावयाचे आहेत.

पंतोजीच्या काळीं निवड अशी नव्हतीच. देवळाच्या ओसरीवर नाहीं तर कोणाच्या पडवींत शाळा भरे. धूळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, मोडी वाचावयास शिकावयाचें, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत पाढे घोकावयाचे. पंतोजीला धान्य किंवा थोडे पैसे मिळत. ज्याच्या घरीं लेखणीचा धंदा होता तो मुलाला तेथें पाठवी. ज्याच्या घरीं नांगर होता त्याला ती शाळा आपली वाटतच नसे.

इंग्रजी अमल आल्यावर चित्र पालटलें. सरकारी शाळा निघाल्या, मिशनच्याही निघाल्या. १८५५ मध्यें मुंबई इलाख्यांत स्वतंत्र शिक्षणखातें स्थापन झालें. आतां बापाला निवडावें लागूं लागलें, आणि निवडीबरोबर भीतीही आली. १८३९ मध्यें मुंबईस डॉ. विल्सन यांच्या मिशन शाळेंतील दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, आणि भराभर पालकांनीं आपलीं मुलें त्या शाळेंतून काढून घेतलीं. इंग्रजी तर हवें, पण मुलगा हातचा जाऊं नये, अशा कात्रींत ते आईबाप सांपडले होते. त्यांना भित्रे म्हणणें सोपें आहे; मी म्हणणार नाहीं.

पुण्यास गोविंदराव फुले यांची कथा याहून बोलकी आहे. फुलांच्या व बागाइतीच्या धंद्यांतील हा गृहस्थ. त्यानें आपल्या जोतीला मराठी शाळेंत घातलें. चरित्रकार सांगतात कीं, पदरच्या एका कारकुनानें कान भरले : शिकून मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाहीं. गोविंदरावांनीं मुलाला शाळेंतून काढलें आणि मळ्यांत कामास लावलें. पुढें शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोघांनीं मुलाची हुशारी पाहून बापाचें मन वळविलें, आणि १८४१ मध्यें जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. तेव्हां त्यांचें लग्नही होऊन गेलें होतें. एकाच बापानें एकाच मुलाविषयीं दोन उलट निर्णय केले, आणि दोन्ही वेळां शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शब्दावरून ! याच गोविंदरावांनीं १८४९ मध्यें, मुलींच्या शाळेपायीं समाजाचा रोष ओढवला म्हणून, मुलाला व सुनेला घराबाहेर काढलें. मुलाला शाळेंत घालतांना शाळा त्याला कोठवर नेईल याचा अंदाज बापाला नव्हता. तो कोणत्या बापाला असतो ?

ज्यांना निवडावयाची मुभाच नव्हती त्यांचें काय ? १८५६ मध्यें धारवाडच्या सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीनें मुंबई सरकारकडे अर्ज गेला. न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, हें सरकारनें मान्य केलें. परंतु एकट्या मुलासाठीं बाकीचीं मुलें शाळा सोडून जातील, असें म्हणून अर्ज फेटाळला. वरिष्ठ सरकारला हें रुचलें नाहीं, आणि १८५८ मध्यें सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींस खुल्या असल्याचें ठरलें. कागदावर दार उघडलें. उंबरठा मात्र पुढें कित्येक वर्षें तसाच राहिला.

त्या उंबरठ्याशीं झुंजलेला एक बाप म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ. पेन्शनीवर संसार, परळच्या डबक चाळींत एक खोली. मुलगा भीमराव प्रथम मराठा हायस्कुलांत होता. रामजींनीं त्याला सरकारी एल्फिन्स्टन हायस्कुलांत घातलें. दोन्ही मुलांचें शिक्षण झेपेना, तेव्हां थोरल्या आनंदरावाला नोकरीस लावलें. पुस्तकांसाठीं विवाहित मुलींकडे हात पसरावयास हा मानी शिपाई लाजला नाहीं. मुंबईच्या त्या नामांकित शाळेंतसुद्धां भीमराव फळ्याकडे निघाला कीं, फळ्यामागें ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुलें धांवत सुटत. १९०७ मध्यें तो मॅट्रिक झाला. आपण या विजयाची कथा सांगतों. मला आनंदराव आठवतो. दोन मुलांतून एक निवडणाऱ्या त्या बापाला त्या रात्रीं झोंप लागली असेल काय ?

छत्रपति शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. मूल न पाठविणाऱ्या पालकास दंड ठेवला. १९१९ मध्यें अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळेंत घेण्याचा हुकूम सुटला. बडोद्यास सयाजीरावांनीं सक्तीचा प्रयोग १८९३ मध्येंच अमरेलीकडे आरंभिला होता.

आतां शाळेचें दार अडत नाहीं. २०१० पासून अमलांत आलेल्या कायद्यानें खासगी शाळांतही दुर्बल घटकांसाठीं पंचवीस टक्के जागा ठेविल्या. जवळ सरकारी शाळा असेल तर त्या खासगी शाळेस यांतून सूट, असा नियम महाराष्ट्रानें २०२४ मध्यें केला. उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं तो रद्द केला. सरकारी शाळा जवळ आहे, तीच पुरे, हें ऐकावयास आईबाप तयार नव्हते.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीं धुणीभांडीं करणारी एक बाई मुलीचा दाखला मागावयास आली. मुलगी चौथीच्या वर्गांत पहिली. मीं म्हटलें, "ताई, येथें तिचें चांगलें चाललें आहे. मातृभाषेंत पाया पक्का होतो. कशाला हलवितां ?" ती खालीं मान घालून ऐकत होती. मग तिनें विचारलें, "गुरुजी, तुमचा मुलगा कुठल्या शाळेत होता ?"

माझा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत होता. मीं दाखल्यावर सही केली.