उत्तर आणि त्याची कसोटी

कर्जत-खालापूरकडील डोंगराळ मुलखांत ‘दारू पितोस काय?’ हा प्रश्न जुनाच आहे. तो आतां वैद्यहि विचारूं लागला आहे, एवढेंच नवें. पूर्वीं तो सरकारी अंमलदार विचारीत. १८७८ च्या अबकारी कायद्यानें दारू गाळणें सरकारच्या मुठींत गेलें; १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या साठ्यावरहि निर्बंध आले; आणि १९४९ चा दारूबंदीचा कायदा पुढें सौम्य झाला, तरी हातभट्टी आजहि गुन्हाच आहे. भिवपुरीच्या आसपासच्या वाड्यांवरील ठाकुरानें वा कातकऱ्यानें अशा प्रश्नास ‘नाहीं, साहेब’ ह्याहून शहाणपणाचें दुसरें कोणतें उत्तर द्यावें?

परंतु वैद्याला ह्याच उत्तरावर निदान उभारावें लागतें. रक्ताच्या परीक्षेनें मनुष्य नुकताच प्याला कीं नाहीं हें कळेल. पिण्यावरचा त्याचा ताबा सुटला कीं नाहीं, हें कळणार नाहीं. त्यासाठीं मुलाखतच हवी. मग त्या मुलाखतीची परीक्षा कशानें करावयाची?

येथें दोन गुणांचा भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. निरनिराळ्या परीक्षकांस एकच उत्तर मिळालें, तर ती मुलाखत विश्वसनीय. तें उत्तर वस्तुस्थितीशीं जुळलें, तरच ती यथार्थ. भ्यालेला मनुष्य दहा जणांस दहादां ‘नाहीं’ म्हणेल. विश्वसनीयता पूर्ण, यथार्थता शून्य!

हा भेद आपल्या देशांत एकदां मोठ्या प्रमाणावर प्रत्ययास आला. मात्र तो दारूविषयीं नव्हे, तर गांजाविषयीं. १८९३-९४ सालीं नेमलेल्या भांग-गांजा समितीनें वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या. १८९२ सालीं दाखल झालेल्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण गांजा-भांग असें लिहिलेलें होतें. ह्या नोंदी पुष्कळदां पोलिसांच्या ऐकीव माहितीवरून झालेल्या होत्या. समितीनें एकेका प्रकरणाचा मागोवा घेतला, तेव्हां त्यांतील अवघीं ९८ टिकलीं. दप्तरांत नोंद व्यवस्थित होती, पण निम्म्याहून अधिक ठिकाणीं तिला आधार नव्हता.

सुमारें नव्वद वर्षांनीं, १९८३ सालीं, अमेरिकन मनोवैद्य रॉबर्ट स्पिट्झर ह्यानें निदानाच्या कसोटीचा जो मार्ग सुचविला, तो तत्त्वतः हाच होय: रोग्यास दीर्घकाळ पाहावें, जाणत्यानें पाहावें, आणि नातलगांच्या सांगण्यासह मिळेल ती सर्व माहिती एकत्र करून निर्णय द्यावा. मुलाखतीचा कस ह्या निर्णयाशीं ताडून ठरवावयाचा.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची मद्यपान-चाचणी सहा देशांतील रुग्णांवरून सिद्ध झाली; नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको व अमेरिका हे ते देश. त्यांत हिंदुस्थान नव्हता. पुढें गोव्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ३७७ पुरुषांवर समुपदेशनाचा जो प्रयोग झाला व २०१७ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत ह्याच चाचणींत १२ ते १९ गुण मिळालेले पुरुष निवडले होते. चाचणी उपयोगी आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु तिच्यांतील ‘प्याला’ म्हणजे सुमारें दहा ग्रॅम मद्यार्क. मोहाच्या घरगुती दारूच्या बाटलीवर असा आंकडा कोठें छापलेला असतो?

हा पंडितांचा शब्दच्छल नव्हे. खोट्या ‘नाहीं’ मुळें ज्याचें यकृत खंगत चाललें आहे तो उपचारावांचून घरीं जातो. आणि ‘कातकरी म्हणजे दारुडा’ ह्या पूर्वग्रहामुळें सणासुदीला घोटभर पिणाराहि व्यसनी ठरतो. दोन्ही चुकांचा भुर्दंड गरिबासच पडतो. म्हणून परक्या मुलखांत घडविलेली प्रश्नावली ह्या वाड्यांवर नेतांना केवळ तिचें भाषांतर करून भागणार नाहीं. तेथील मापांत प्रश्न विचारावे, उत्तरें संमतीनें घरच्यांच्या सांगण्याशीं व दीर्घ निरीक्षणाशीं ताडून पाहावीं, आणि सर्वांआधीं, विचारणारा हा कायद्याचा माणूस नव्हे, अशी ऐकणाऱ्याची खात्री पटवावी. तेवढें झाल्यावांचून कागदावरच्या गुणांस निदान म्हणूं नये.