अर्धशिशीचा पुरावा

ज्या दुखण्याची खूण शरीरावर उमटत नाहीं, त्यावर लोकांचा विश्वास सहसा बसत नाहीं. ताप हाताला लागतो, जखम डोळ्यांना दिसते. परंतु अर्धें डोकें ठणकत असतां अंधाऱ्या खोलींत पडून राहिलेल्या माणसाकडे घरचीं माणसेंही ‘हें सोंग तर नव्हे?’ अशा नजरेनें पाहतात. अर्धशिशीच्या रोग्याला वेदनेइतकाच हा संशयही सोसावा लागतो. तो दूर करणारा पुरावा कसा हातीं आला आणि तो मिळविण्यांत खुद्द रोग्यांचाच वाटा केवढा होता, हें पाहणें उद्बोधक आहे.

हा रोग नवा नव्हे. सुश्रुतसंहितेंत अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत ‘अर्धावभेदक’ हा एक असून तो दहा दिवसांनीं, पंधरवड्यानें किंवा अकस्मात् उद्भवतो, असें म्हटलें आहे. तिकडे ग्रीक वैद्य अरेटीअस यानें अशा रोग्यांना उजेड सोसत नाहीं व अंधारांत बरें वाटतें, हें नमूद करून ठेवलें. गेलेन यानें वापरलेल्या ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे ‘अर्धें मस्तक’, या शब्दाचाच अपभ्रंश होत होत ‘मायग्रेन’ हें नांव रूढ झालें. आपल्या ‘अर्धशिशी’चाही अर्थ तोच. दोन दूरच्या देशांतील वैद्यांनीं एकाच खुणेवरून रोगाला नांव दिलें. मात्र त्या वेळीं मस्तकाच्या आंत काय घडतें, हें दोघांनाही पाहतां येत नव्हतें.

पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील एका पितापुत्रांनीं या शोधाला निराळें वळण दिलें. पिता जॉर्ज एअरी हे तेथील राजज्योतिषी. पुत्र ह्यूबर्ट हे वैद्य. दोघांनाही मधूनमधून एक चमत्कारिक दृश्य दिसे. दृष्टीच्या मध्याजवळ एक लहानसा ठिपका उमटे. तो पसरत जाई आणि त्याच्या कडेला नागमोडी, झगमगती रेषा दिसे. आकाशांतील ग्रहांची नोंद ठेवावी त्याच शिस्तीनें पित्यानें 1865 मध्यें या दृश्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुत्रानें 1870 मध्यें त्याच्या एकेका अवस्थेचीं चित्रें काढून दाखविलीं. तटबुरुजांनीं वेढलेल्या नगराचा नकाशा असावा, तशी ती आकृति होती. सर्वच रोग्यांना असें दिसत नाहीं. पण ज्यांना दिसतें, त्यांना आपलें दुखणें कागदावर प्रथमच ओळखतां आलें.

1941 मध्यें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनीं स्वतःला दिसणारी ही आकृति किती वेळांत किती पसरते, हें मोजलें. त्यावरून मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर कांहींतरी मिनिटाला सुमारें 3 मिलिमीटर वेगानें सरकत असलें पाहिजे, असा हिशेब त्यांनीं मांडला. लगेच 1944 मध्यें ब्राझीलचे लेआओ यांना सशाच्या मेंदूवर प्रयोग करीत असतां विद्युत्क्रिया मंदावत नेणारी एक लाट आढळली. तिचाही वेग जवळजवळ तेवढाच! पुढें 2001 मध्यें, झटका चालूं असतांना घेतलेल्या मेंदूच्या प्रतिमांतही अशीच सरकती लाट दिसून आली. सोंगाला असा ठराविक वेग नसतो.

उपायांचा इतिहासही असाच हळूहळू पुढें सरकला. 1918 मध्यें बाझल येथें आर्थर स्टोल यांनीं अर्गट बुरशीपासून अर्गोटामिन वेगळें केलें. 1991 मध्यें सुमाट्रिप्टान आलें. नंतर मस्तकांतील वेदनावाही मज्जातंतूंतून स्रवणाऱ्या ‘सीजीआरपी’ या द्रव्याला अडविणारीं औषधें 2018 पासून मिळूं लागलीं. या द्रव्याशीं संबंधित संशोधनाबद्दल चौघां शास्त्रज्ञांना 2021 मध्यें ‘ब्रेन प्राइझ’ मिळालें.

तरीही हा विकार मुळापासून नाहींसा करणारें औषध अद्याप नाहीं. त्याच्याशीं नांदावें लागतें. म्हणूनच एअरी पितापुत्रांची शिस्त आजही उपयोगी पडते. झटका कोणत्या दिवशीं आला, आदल्या रात्रीं झोप किती झाली, जेवण चुकलें काय, ऊन लागलें काय, औषध केव्हां घेतलें, हें वहींत टिपून ठेवावें. झोपेची व जेवणाची वेळ मोडूं नये. औषध वैद्याच्या सल्ल्यानें, झटक्याच्या आरंभींच घ्यावें. पण वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेतल्यास त्यांच्याच योगानें डोकें दुखूं लागतें, हेंही विसरूं नये. पूर्वीं कधीं न झालेली तीव्र डोकेदुखी एकाएकीं उद्भवली, तर वहींत टिपीत न बसतां तत्काळ वैद्य गांठावा.

आणि घरच्यांनीं काय करावें? खिडकी लावून घ्यावी, आवाज थांबवावा, आणि रोग्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. शास्त्राला जो पुरावा मिळवावयास शतकें लागलीं, तो घरच्या माणसांनीं पुन्हां मागूं नये.