महाराष्ट्र व गोवा येथील स्त्रीशिक्षणाचे दीर्घकालीन प्रक्षेपण

स्त्रीशिक्षणाचे दीर्घकालीन प्रक्षेपण म्हणजे एखाद्या प्रदेशातील स्त्रियांची शैक्षणिक पातळी पुढील काही दशकांत कोठवर जाईल, याचा लोकसंख्याशास्त्राच्या आधारे मांडलेला अंदाज होय. महाराष्ट्र व गोवा ही शेजारची राज्ये अशा तुलनेसाठी उपयुक्त ठरतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख, तर गोव्याची १४ लाख ५८ हजार होती. प्रक्षेपण हे भाकीत नसते. विशिष्ट गृहीतके खरी ठरल्यास काय घडेल, एवढेच ते सांगते.

उपलब्ध आकडेवारी

जनगणनेत सात वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची साक्षरता मोजली जाते. दोन्ही राज्यांतील स्त्री-साक्षरतेचे प्रमाण पुढीलप्रमाणे होते :

१९९१ : महाराष्ट्र ५२.३२ टक्के, गोवा ६७.०९ टक्के
२००१ : महाराष्ट्र ६७.०३ टक्के, गोवा ७५.३७ टक्के
२०११ : महाराष्ट्र ७५.८७ टक्के, गोवा ८४.६६ टक्के

साक्षरता ही शिक्षणाची केवळ पहिली पायरी होय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) दहा किंवा अधिक वर्षे शालेय शिक्षण घेतलेल्या १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात ५०.४ टक्के, तर गोव्यात ७१.५ टक्के आढळले. साक्षरतेतील अंतर सुमारे नऊ अंशांचे असताना माध्यमिक शिक्षणातील अंतर एकवीस अंशांचे आहे.

सरळ वाढीच्या गणिताची मर्यादा

१९९१ ते २००१ या दशकात महाराष्ट्रातील स्त्री-साक्षरता १४.७१ अंशांनी वाढली. हाच वेग पुढे धरला असता, तर २०११ मध्ये ती ८१.७४ टक्के व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात ती ७५.८७ टक्के झाली. त्याच वेगाने २०३१ साली १११ टक्क्यांहून अधिक स्त्रिया साक्षर ठरल्या असत्या, जे अशक्य आहे. दोन राज्यांतील अंतर पहिल्या दशकात १४.७७ अंशांवरून ८.३४ पर्यंत घटले. दुसऱ्या दशकात मात्र ते ८.७९ झाले.

जन्मगटांवर आधारित पद्धत

बहुतेक व्यक्तींचे औपचारिक शिक्षण वयाच्या तिशीपूर्वी संपते. त्यामुळे २०११ मध्ये तीस वर्षांची असलेली स्त्री २०३१ मध्ये पन्नास वर्षांची होईल, तेव्हा तिची शैक्षणिक पातळी बहुधा तीच राहील. या तत्त्वानुसार प्रत्येक जन्मगट वय, लिंग व शिक्षण यांनुसार विभागून मृत्यू, जनन व स्थलांतर यांच्या गृहीतकांसह पुढे नेला जातो. वोल्फगांग लुट्झ, समीर के. सी. व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा मोठा विकास केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भारताचे प्रक्षेपण राज्ये, ग्रामीण-नागरी विभाग व शिक्षण यांनुसार करण्यात आले.

या पद्धतीत इतिहासालाही स्थान मिळते. २०११ मध्ये सत्तरी गाठलेली मराठवाड्यातील स्त्री निजामाच्या हैदराबाद संस्थानात जन्मली होती. तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये झाली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्यानंतर तेथे गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. शाळेपासून वंचित राहिलेल्या पिढ्यांचा परिणाम सरासरीवर अनेक दशके टिकून राहतो.

राज्यांतर्गत तफावत

गोवा हे लहान राज्य असल्याने तेथील सरासरी बरीचशी प्रातिनिधिक ठरते. महाराष्ट्राच्या सरासरीत मात्र मुंबई, पुणे आणि मराठवाड्यातील खेडी एकत्र येतात. धाराशिव जिल्ह्याची साक्षरता २०११ मध्ये राज्याच्या सरासरीहून कमी होती आणि नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांतही त्याचा समावेश आहे. याच जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाकेनिर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. जिल्ह्यातून अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी हंगामी स्थलांतर करतात. आईवडिलांबरोबर फडावर गेलेल्या मुलीची शाळा ऐन वर्षाच्या मध्यात सुटते.

बालविवाह हे शिक्षण खंडित होण्याचे दुसरे मोठे कारण आहे. वरील सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर गोव्यात ५.८ टक्के होते. धाराशिव जिल्ह्यात ते राज्याच्या सरासरीहून अधिक आढळले.

गृहीतके व अनिश्चितता

ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना, तसेच २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत दिलेली शुल्कमाफी, यांमुळे पुढील जन्मगटांची पातळी उंचावू शकते. शुल्कमाफीचा लाभ मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमापर्यंत पोहोचणाऱ्या मुलींनाच मिळतो. दहावीपूर्वी शाळा सोडणारी मुलगी त्या लाभापर्यंत पोहोचत नाही. २०२५ मध्ये पंधराव्या वर्षी शाळा सोडलेली मुलगी २०६५ मध्ये पंचावन्न वर्षांची असेल आणि तेव्हाच्या आकडेवारीतही बहुधा अल्पशिक्षित म्हणूनच मोजली जाईल.

२०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने सध्याची प्रक्षेपणे मुख्यतः २०११ च्या आकड्यांवर उभी आहेत. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला असून, तिच्या निष्कर्षांनंतर ती पडताळून पाहता येतील.

हे सुद्धा पहा

साक्षरता
भारताची जनगणना
धाराशिव जिल्हा
तेरखेडा