बातमीचा धनी कोण?

सर्वसामान्य माणसाने देशोदेशीच्या बातम्या ठेवाव्यात काय, अशी शंका अलीकडे सुशिक्षितांतही ऐकू येते. प्रपंचात गुंतलेल्यास दूरच्या घडामोडींशी काय कर्तव्य, असा तिचा अभिप्राय असतो. तो नवा नव्हे. महाराष्ट्रात छपाई रुळण्यापूर्वी व्यवहारच तसा होता.

पेशवाईत बातमी ही दौलतीची आणि सावकारी पेढीची वस्तू होती. आज वार्ताहरास लावला जाणारा 'बातमीदार' हा शब्द तेव्हा सरकारासाठी खबर काढणाऱ्याचा, बहुधा हेराचाच, वाचक असे. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संहाराचे वर्तमान उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांस वाटेत पकडलेल्या एका सावकारी कासिदाकडून कळले, असे ग्रँट डफ नमूद करतो. पत्राची भाषा सांकेतिक होती : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहोरा गेल्या, रुप्या-तांब्याची तर मोजदादच नाही. मोती कोण हे पेशव्यांस सांगावे लागले नाही. विश्वासराव आणि भाऊसाहेब यांना मोत्याचे मोल आले, सरदारांना निदान संख्या लाभली; खुर्द्याच्या वाट्यास दोन्ही नाही. त्या खुर्द्यातील माणसांच्या घरी असा कासीद कोण धाडणार?

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले आणि बातमी विकत मिळू लागली. मात्र पत्राचा एक स्तंभ इंग्रजी, वाचक मूठभर. १८४० मध्ये ते बंद पडले.

प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने 'दीनबंधु' अधिक महत्त्वाचे होय. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले हे पत्र १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालविण्यास घेतले, आणि गिरणीतील मजुराचे हाल हा बातमीचा विषय झाला. १८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले, तेव्हा लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अपघातात जायबंदी झालेल्यास साहाय्य. या यशात पत्राचा वाटा किती, हे तोलून सांगता येत नाही. परंतु कमिशन बसले आहे हेच ज्यास ठाऊक नाही, तो त्यापुढे गाऱ्हाणे घेऊन जाणार कसा? अशा मजुरास दूरच्या घडामोडींशी काय कर्तव्य, असे पुसणाऱ्याने १८८४ ची ती यादी वाचावी. तिच्यातील रविवार १० जून १८९० रोजी पदरात पडला.