ओटा, खिडकी आणि मालकाची लेखी संमती

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. भाड्याच्या खोलीत उभ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून ओटा बांधला, तर राहती जागा जाऊ शकते का? मुंबईत बरीच वर्षं या प्रश्नाने भाडेकरूंना धास्ती घातली होती.

मुळात १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बघा. त्याच्या कलम १०८ नुसार, शेतीच्या कामाचा अपवाद सोडला तर, भाडेकरूने मालकाच्या संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करायचं नाही. त्याच कलमात अशीही सोय आहे की, जागेला जोडलेल्या वस्तू त्याने जाताना काढून न्याव्यात, मात्र जागा मिळाली तशी परत द्यावी. म्हणजे संमतीचा हेतू काय, तर इमारत सांभाळणं.

मग १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० हा दिवस आधार धरला गेला आणि कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय भाडेकरूला काढता येईना. त्या कारणांतलं एक कलम १३ मध्ये होतं: मालकाच्या लेखी संमतीशिवाय केलेलं कायमस्वरूपी बांधकाम. 'लेखी' हा शब्द नीट लक्षात घ्या. जिन्यात भेटल्यावर मालक म्हणाला, "करा हो, काही हरकत नाही," तर तेवढ्यावर भागत नव्हतं.

आता मालकाच्या बाजूनेही बघायला हवं. महागाई वाढत गेली, भाडं जागच्या जागी राहिलं. संमती देऊन त्याच्या पदरात काय पडणार? उलट भाडेकरूने न विचारता चार विटा रचल्या, तर खोली परत मिळवायला दावा लावता येई. दुसरीकडे त्याच खोलीत मुलं मोठी झाली, सुना आल्या. कुठे आडोसा हवा, कुठे धूर बाहेर जायला वाट हवी. इमारत सांभाळण्यासाठी आलेली अट अशा रीतीने खोलीच्या ताब्याच्या भांडणातलं हत्यार झाली.

मग कोर्टापुढे प्रश्न आला, 'कायमस्वरूपी' म्हणजे काय? १९८७ साली व्यंकटलाल पिट्टी विरुद्ध ब्राइट ब्रदर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा ऊहापोह केला. बांधकाम कसं जोडलंय, ते सहज काढता येतं का, करणाऱ्याचा हेतू काय होता, हे सगळं एकत्र बघावं लागतं.

१९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ मधल्या स्पष्टीकरणात एक यादीच आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी लागणारी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट, धुराडं. जिथे लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेली ही कामं कायमस्वरूपी बांधकामात मोडत नाहीत.

ही यादी वाचली की मुंबईची खोलीच डोळ्यांपुढे उभी राहते, नाही का? कायद्याच्या भाषेत ओटा यावा, यामागे कित्येक घरांची धास्ती आहे. पण या यादीत पोटमाळा नाही, हेही बघा. यादीबाहेरच्या पक्क्या बांधकामाला आजही मालकाची संमती लागते, आणि तीही लेखीच.

पुढच्या व्याख्यानात आपण पागडीकडे वळू.